तीन सुरांचा उत्तम

त्या रविवारी सकाळी मी डोंगरकड्याला घरीच होतो. चहाचा कप हातात घेतला आणि विहाराच्या भोंग्यावरून आवाज आला, "आपल्या गावातले उत्तम..." सांगणारा जरा अडखळला. गावात उत्तम तीन. मग लोकांना नीट कळावं म्हणून त्यानं पुढं जोडलं, "डुप्लिकेट उत्तम, यांचं आज पहाटे दुःखद निधन झालेलं आहे. अंत्ययात्रा दुपारी दोन वाजता निघेल." पहाटे छातीत दुखलं, जीपमध्ये घालून नांदेडला नेता नेता वाटेतच खेळ संपला, हे मला नंतर कळलं. भोंग्यावर सांगणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. डुप्लिकेट म्हटल्याशिवाय कोणता उत्तम गेला हे निम्म्या गावाला समजलंच नसतं. पण ते नाव ठेवणारा मी होतो. सहा-सात वर्षांपूर्वी, चारचौघांत, हसत हसत ठेवलेलं. मित्र गेल्याची बातमी आणि मी त्याची केलेली टवाळी, दोन्ही एकाच वाक्यात गावभर ऐकवल्या जात होत्या, आणि त्या बाबानं ती सूचना नेमाप्रमाणं तीनदा वाचली. चहा तसाच राहिला.

आता दीड महिना झालाय. लिहावं की नको असं करत करत आज बसलोय. मी काही लेखक नाही. शिरड शहापूरच्या शाळेवर मास्तर आहे, आणि आमच्या भीमगीतांच्या गायन पार्टीत अठरा-वीस वर्षं ढोलकी वाजवतोय. उत्तम त्याच पार्टीत कीबोर्डवर होता.

बसस्टँडच्या बाजूला त्याचं पत्र्याचं दुकान होतं. टीव्ही, टेप, रेडिओ, मिक्सर, जे येईल ते उघडायचं आणि जुळवायचं. नव्वदनंतर कधीतरी नांदेडहून तो एक व्हिडिओ गेम घेऊन आला. टीव्हीला जोडायचं पांढरं-लाल मशीन, दोन रिमोट आणि वरून खोचायची पिवळी कॅसेट. कॅसेटवर नऊ हजार नऊशे नव्याण्णव गेम असं छापलेलं, आत बघावं तर बावीस, तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा. दुकानासमोर चपलांचा ढीग पडायला लागला. सगळं गाव खेळायचं, पण मालक काही खेळायचा नाही. सोल्डर हातात धरून, डोळे मिटून बसून राहायचा. मला वाटलं, ह्याचं डोकं दुखतंय.

"काहून रे, तकलीफ हाय का काई?" मी विचारलं.

"गप. मोजून राहिलो."

"काय मोजून राहिला?"

"मानसं. गेमच्या ह्या गान्यात किती मानसं वाजवून राहिलेत, ते."

म्हटलं, झालं, ह्याचं काम बिघडलं! पण आठवडाभरानं त्यानंच मला बोलावून घेतलं. म्हणाला, "मास्तर, तीनच हायेत बे. दोन सनईवाले, एक खर्जवाला. अन् ढोलकीवाला तर न्हाईच. नुसती खरखर हाय, टीव्हीवर मुंग्या आल्यावर येते ना, तसली. तीच बारीक बारीक तोडून ताल केलाय." त्यानं मशीन उघडून दाखवलं. आत एक काळी चिप होती, झुरळासारखी, दोन्ही बाजूंना पाय असलेली. त्यातल्या एका पायातून दोन सनयांचा आवाज बाहेर यायचा आणि शेजारच्या पायातून खर्ज आणि खरखर. दोन्ही पाय पुढं एकत्र बांधलेले, म्हणून आपल्याला गाणं सलग ऐकू येतं. ह्या पठ्ठ्यानं ती गाठ सोडवली आणि मशीनच्या कडेला भोक पाडून तीन जागी थांबणारं एक बटण बसवलं. इकडं सरकवलं की नुसत्या सनया. तिकडं सरकवलं की नुसता खर्ज आणि खरखर. मधे ठेवलं की सगळे मिळून. मी ते बटण इकडंतिकडं करत तासभर तिथंच बसलो, हे कबूल करतो.

त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं सांगतो. गेममधला माणूस उडी मारतो तेव्हा टुईंग असा आवाज येतो. हा आवाज काढायला चिपमध्ये वेगळा माणूस नाही. मग होतं काय, तर दुसरा सनईवाला गाणं अर्धवट सोडतो, पळत जाऊन उडीचा आवाज काढतो आणि पुन्हा येऊन आपल्या जागी उभा राहतो. तेवढा वेळ गाण्यात खड्डा पडलेला असतो. पण खेळणाऱ्याला पत्ता लागत नाही. उत्तम म्हणायचा, "गानं तुटत न्हाई मास्तर. एकदा ऐकलेलं असलं की जो सूर गेला तो कान भरून घेतो." हे वाक्य त्यानं मला शंभरदा तरी ऐकवलं असेल. मी शंभरदा "व्हय बाबा, व्हय" म्हटलं असेल.

आणि एक. चिपला जोडसूर जमत नाहीत, माणसंच नाहीत तेवढी. मग गाणं बनवणारा तीन सूर एकदम न वाजवता एकामागं एक वाजवतो, इतक्या भराभरा की कानाला वाटतं एकदमच वाजले. त्यातून तो गेमच्या गाण्यांतला गिरगिरणारा आवाज येतो. आपल्याला वाटतं, ही त्या गाण्यांची फॅशन. फॅशन कसली? गरज होती ती. माणसं कमी म्हणून तसं करावं लागलं, आणि लोकांना तेच आवडून गेलं. उत्तमला हे फार जवळचं वाटलं, कारण त्याचा कीबोर्डही तसलाच. परभणीहून आणलेला जुना. चारच्या वर पट्ट्या दाबल्या की पहिली मुकी व्हायची. पार्टीतले सगळे त्या कीबोर्डला नावं ठेवायचे. उत्तमनं नावं ठेवणं सोडलं आणि चिपसारखं वाजवायला शिकला.

त्याची परीक्षा झाली सिद्धेश्वरला. तिथल्या नव्या विहाराचं उद्घाटन होतं, भर दुपारचा कार्यक्रम, धरणाच्या अंगाला मांडव. आमची पार्टी सहा जणांची. त्यातले तीन आदल्या दिवशीच्या लग्नातलं जेवण बाधून आडवे झालेले, पेटीवाला धरून. उरलो आम्ही तिघं: मी, उत्तम आणि आमचे गाणारे दादाराव शाहीर. दादाराव म्हणजे पट्टीचा गळा आणि जमदग्नीचा राग. "परत चला, इज्जत जाईल," म्हणायला लागले. उत्तम शांतपणे म्हणाला, "दादा, तिघं लै झाले. तुमी गा."

पहिल्या अंतऱ्यालाच त्यानं ते गिरगिर सूर सोडले. दादारावांनी गाता गाता मागं वळून असं काही बघितलं की मी ढोलकीवर चुकलो. कडवं संपल्यावर ते दात-ओठ खात म्हणाले, "हे काय बेडकं सोडलेत का स्टेजवर?" पण मांडवातली माणसं सरकून पुढं यायला लागली होती. एका हातानं गिरगिर, दुसऱ्या हातानं खर्ज, आणि दादाराव वरच्या पट्टीत गेले की उत्तम सगळं सोडून त्यांच्या ओळीचं शेपूट तेवढं उचलून वाजवायचा, हलक्या हातानं, जरा मागून. विहिरीत हाक मारल्यावर येतो तसा आवाज. तोही गेममधूनच उचललेला. मला म्हणाला होता, "तू ढोलकी भरून नको वाजवू. खरखरीसारखी वाजव. तोडून." मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? माझ्या ढोलकीला खरखर म्हणतो म्हणजे काय! पण वाजवली तशी. तीन माणसांनी मांडव भरला, बराबर भरला.  परतताना जीपमध्ये दादाराव म्हणाले, "उत्तम, उद्यापासून ती बेडकं संगं आनत जा." त्यानंतर आठ-दहा वर्षं आमची पार्टी हिंगोली जिल्ह्यात ओळखली जायची ती त्या बेडकांवर. लोक मुद्दाम सांगायचे, तो गिरगिरवाला आला पाहिजे.

आता माझ्या करणीकडं येतो.

दोन हजारनंतरची गोष्ट. माझा भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला होता. दिवाळीत त्याच्याकडं गेलो तर कॉम्प्युटरवर आमच्या उत्तमच्या दुकानातलाच गेम. पण गाणं ऐकलं आणि मी दचकलो. चाल तीच, आवाज वेगळा. भाच्यानं समजावलं की मूळ जपानी मशीनचा आवाज असा आहे. आपल्याकडं जे आलं ती बाहेरची नक्कल. नकलेची चिप करताना कोणाच्या तरी हातून आवाजाच्या दोन जातींची अदलाबदल झाली. मूळ गाण्यात जिथं सनई भरीव तिथं आपल्याकडं चिरकी, आणि जिथं चिरकी तिथं भरीव. शिवाय आपल्या टीव्हीशी जुळवताना लयही थोडी संथ झाली. म्हणजे उत्तमनं दहा वर्षं डोळे मिटून जे ऐकलं, बोटांत बसवलं, ती मुळात चूक होती.

ही बातमी मी जपून सांगायला हवी होती. पण मी मास्तर पडलो, कोणाची चूक सापडली की हात शिवशिवतात. जयंतीच्या तालमीला सगळी पार्टी जमलेली असताना मी हे सगळं रंगवून सांगितलं. उत्तम लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "व्हय? मंग ज्यानं ते गानं बनवलं, त्यानं आपल्याकडचं ऐकलंच न्हाई म्हन की. त्याला बिचाऱ्याला भेटलंच न्हाई ते."

आज वाटतं, केवढं मोठं बोलला होता तो. मूळ करणाऱ्याचं काही हुकलं याची त्याला हळहळ वाटली, स्वतःचं हसू झालं याची नाही. पण तेव्हा मी मोठ्यानं हसलो आणि म्हणालो, "आरं, तुझं मशीन डुप्लिकेट, तुझे सूर डुप्लिकेट, तू बी डुप्लिकेट उत्तम!" सगळे हसले. दादारावसुद्धा. उत्तमही हसला... हसला म्हणजे ओठ हलले. आठ दिवसांत नाव बसस्टँडपर्यंत गेलं. पुढं एका गावच्या पत्रिकेवर 'कीबोर्ड: डुप्लिकेट उत्तम' असं छापून आलं. छापणाऱ्याला वाटलं, कलाकाराचं नाव असेल.

त्या जयंतीला उत्तमनं साधे सूर दाबले. सरळ, चार पट्ट्या, बाकीच्या पार्ट्यांसारखे. पुढच्या कार्यक्रमालाही तेच. बेडकं गेली ती गेलीच. लोकांनी विचारलं तर म्हणायचा, कीबोर्ड जुना झालाय. मला कारण ठाऊक होतं. रोज त्याच्या दुकानावरून जायचो, पानाला थांबायचो, इकडचं तिकडचं बोलायचो. 'चुकलो' हा तीन अक्षरी शब्द काही तोंडातून निघाला नाही. आधी वाटलं, एवढ्यातेवढ्याला काय माफी मागायची. मग वाटलं, आता एवढ्या दिवसांनी कुठं उकरून काढायचं. माणूस असा असतो, दुसरं काय?

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाच्या दिवशी मी विहारात सूचना देणाऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, आज ते डुप्लिकेट म्हणू नको. तो म्हणाला, "मंग लोकायला कळंल कसं मास्तर?" 

मंडळी पांगल्यावर मी सुजाता वहिनींपाशी गेलो. म्हटलं, "वहिनी, ते नाव मी ठेवलं होतं."

"ठाव हाय भाऊजी," त्या म्हणाल्या. "लै लागलं होतं त्यायला."

"मंग मला बोलला काहून न्हाई?"

"मीबी म्हनायचे, तुमी बोला. तर म्हनायचे, म्या काहून बोलू? मास्तरला कळते सगळं. येईल अन् सोताच म्हनंल."

 सहा-सात वर्षं तो माणूस वाट बघत होता, आणि मी रोज पान खाऊन पुढं जात होतो.

वहिनींनी आतून एक पिशवी आणली. म्हणाल्या, हे तुमीच न्या, आमच्यात कोणाला कळत न्हाई. त्यात ते पांढरं-लाल मशीन होतं, पांढऱ्याचं आता पिवळं झालेलं. दुकानातून त्यानं ते केव्हाच घरी नेलं होतं आणि रोज जेवणाआधी दहा मिनिटं लावायचा, खेळायला नाही, ऐकायला. कडेचं ते बटण जागेवर होतं. त्याच्या दोन्ही टोकांना आणि मधे पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावलेले, त्यावर बॉलपेननं त्याचं गिचमिड अक्षर. सनयांच्या बाजूला लिहिलं होतं 'मी'. खर्ज आणि खरखरीच्या बाजूला 'मास्तर'. मधे 'दोघं'.

"हे कवाचं?" मी विचारलं.

"लै जुनं. सिद्धेश्वरहून आल्यावरचं. पट्टी निघाली की नवी लावायचे. ही आत्ता उन्हाळ्यातच लावली."

घरी आणून मी ते टीव्हीला जोडलं. बटण 'मास्तर'कडं सरकवलं. खाली खर्ज चालू होता, वर तोडलेली खरखर. दोन्ही सनया बंद. मी नुसता बसून राहिलो, आणि एक ओळ जाते न जाते तोच वरचं सगळं गाणं मला ऐकू यायला लागलं. चिरक्या जागी चिरकं, भरीव जागी भरीव, आपल्याकडचं, संथ. मी मोठ्यानं म्हणालो, "चुकलो रे उत्तम." बटण मधे करायला हात गेला होता, तो मी मागं घेतला.