त्या दिवशी भोंगा किती वेळा झाला

माझ्या धाकट्या दिरांना गल्लीत कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे त्यांना 'सहावाजे' म्हणत. नदीच्या बांधावर पुराची चौकी होती आणि तिथं ते एकोणीस वर्षं होते. पाण्याच्या पट्टीवरचा आकडा तासातासाला वहीत लिहायचा आणि संध्याकाळी सहाला भोंगा एकदा वाजवून बघायचा, एवढंच काम. एक लांब भोंगा म्हणजे चाचणी. तीन लांब भोंगे म्हणजे पाणी येतंय, वर चढा. हे चौकीच्या भिंतीवर, शाळेच्या फाटकावर, आमच्या जिन्यातसुद्धा रंगवून ठेवलं होतं. एकोणीस वर्षांत तीन भोंगे वाजवायची वेळ आली नव्हती.

रोज चार ओळी लिहायची मला सवय आहे. त्या वह्या समोर घेऊन हे लिहिते आहे. सगळं मला उलगडलं आहे असं नाही. वह्या वाचून गोंधळ वाढलाच म्हणायचा.

भावजींनी लग्न केलं नाही. कुणी विषय काढला की म्हणत, "रोज सहाला मी चौकीत. मुलगी बघायला जायचं तरी कधी?" आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाहेरच्या खोलीत त्यांची खाट, खाटेखाली पत्र्याची पेटी, पेटीत एक जाडजूड चिकटवही. त्यात जगभरातल्या मोठमोठ्या अपघातांची कात्रणं. बुडालेली जहाजं, रुळावरून घसरलेल्या गाड्या, भूकंप, ज्वालामुखी. आणि प्रत्येक कात्रणाच्या कडेला लाल पेन्सिलीनं दोनच प्रश्न: आधी कुणाला कळलं? त्यानं कुणाला सांगितलं?

"जेवताना बुडालेली जहाजं नकोत, भावजी," मी म्हणायची.

"बरं. भूकंप चालेल?"

"त्याच्या ताटात अजून काहीतरी वाढ," हे म्हणायचे, "म्हणजे तोंड बंद राहील."

पण ते सांगायचेच. कुठल्या जहाजाला बर्फ आहे, बर्फ आहे, असे दिवसभर निरोप येत होते. कुठल्या किनाऱ्यावर समुद्र एकाएकी मागे हटला, तर लोक पळायचे सोडून उघड्या पडलेल्या वाळूतले मासे वेचायला धावले. त्यांचा सर्वांत आवडता होता एक तारमास्तर. बंदरात दारूगोळ्यानं भरलेलं जहाज पेटलं होतं. सगळे पळाले. हा पळता पळता परत फिरला, का, तर माणसांनी भरलेली गाडी येत होती, ती थांबवायला तार करायची होती. तार केली आणि गेला बिचारा.

"गाडी थांबली ना पण?" मी विचारलं होतं.

"थांबली. पण तारेमुळे थांबली की तिला आधीच उशीर झाला होता, यावर लोक अजून वाद घालतात."

"म्हणजे काय? एवढा जीव दिला, आणि नक्की नाही?"

"नक्की कुठे असतं, वहिनी," ते म्हणाले आणि बोटं चाटत उठले. मग दारातून वळून म्हणाले, "तरी तारेचं एक बरं. पलीकडून 'पोचली' म्हणून उलट येतं. भोंग्याला ती सोय नाही. मी वाजवतो आणि बसतो."

"मी दिवा लावते ना भोंगा झाला की."

"तो चौकीतून दिसत नाही हो."

आमच्या गल्लीचं घड्याळ म्हणजे तो भोंगा. वाण्याची बायको तेव्हा दुकानाबाहेरची पोती आत ओढायला लागायची. तळमजल्यावर शिवणवाल्या मावशी राहायच्या, त्या मशीनचा पाय थांबवायच्या. मावशींचा डावा गुडघा कामातून गेला होता. दोन पायऱ्या चढायच्या तर कुणाचा तरी हात लागे, बहुतेक वेळा माझा. मी देवापुढे दिवा लावून माळ घ्यायची, डोळे मिटायची आणि माळ पुरी होईपर्यंत उघडायची नाही. घरात आग लागली तरी माझी जाऊ माळ सोडणार नाही, असं आमच्या थोरल्या जाऊबाई कौतुकानं सांगायच्या. मला ते आवडायचं, हे कबूल करायला हवं.

तो दिवस स्वच्छ होता. आमच्याकडे थेंब नव्हता. वर डोंगरात तीन दिवस कोसळत होता, एवढं कानावर आलं होतं. दुपारी मावशींकडून उशांचे अभ्रे आणले. त्या म्हणाल्या, "एक राहिलाय, संध्याकाळी हाक मारते, खाली येऊन घेऊन जा." सहाला भोंगा झाला. मी दिवा लावला, डोळे मिटले. माळ संपवून उठले तो जिन्यात पाणी. मी खाली धावले तर सातवी पायरी दिसत नव्हती. मावशींचं दार पाण्याखाली होतं. मी हाका मारल्या. मग वरच्या भाडेकरूंनी मला ओढून गच्चीवर नेलं. कमरेला वही आणि हातात माळ, एवढंच घेऊन मी गेले.

बांध सहा वाजून वीस मिनिटांनी फुटला, असं नंतर ठरलं. अकरा माणसं गेली. त्यात मावशी. हे आगारात कामावर होते म्हणून वाचले. भावजी दुसऱ्या दिवशी सापडले, चौकीपासून बरंच खाली, विजेच्या खांबाला मिठी मारून. चौकी, भोंगा, नोंदवही, सगळं वाहून गेलं होतं. त्यांचा पाय दोन ठिकाणी मोडला होता.

मग चौकशी बसली. शाळेच्या सभागृहात एक साहेब आणि टंकलेखन करणारी एक बाई यायची. प्रश्न एकच होता: तीन भोंगे झाले का? गल्लीतल्या त्रेचाळीस जणांनी सांगितलं, एकच झाला. नेहमीचा, सहाचा. वाण्याची बायको शपथेवर बोलली. त्यातलं कुणी खोटं बोलणारं नव्हतं. म्हणजे पाणी चढताना पाहूनही भावजींनी रोजची चाचणी वाजवली आणि गप्प बसले, असा अर्थ निघत होता. तसं ठरलं असतं तर अकरा जणांचे जीव त्यांच्या माथी.

आणि स्वतः भावजींना आठवत नव्हतं.

"बटण दाबलेलं डोळ्यांसमोर येतं," ते खाटेवर पडून सांगायचे. "पट्टीवर पाणी लाल रेघेच्या वर दिसतं. पण बटण दाबलेलं तर मला हजारो वेळांचं दिसतं. कुठलं त्या दिवशीचं, ते कसं ओळखू? एक दाबलं की हात आपोआप मागे येतो, वहिनी. त्या दिवशी आला असेल तर?"

"तुम्ही असं कसं कराल? एवढी कात्रणं लावलीत."

"कात्रणं लावणाऱ्याच्या हातून चूक होत नाही, असं कुठे आहे?"

त्यांनी जेवण जवळजवळ सोडलं. ताट होतं तसं परत यायचं. चिकटवही वरच्या मजल्यावर होती म्हणून वाचली होती. ती त्यांनी उघडली नाही. मी देवाला रोज एकच विचारायची: एक की तीन? मी तर तिथंच बसले होते, कान उघडे होते. मला पहिला आठवत होता. त्याच्या पुढचं काही आठवत नव्हतं. दिवा, माळ, मग पाणी.

माझी साक्ष अडीच महिन्यांनी लागली. आदल्या दिवशी मी पुरातली ती वही पहिल्यांदा उघडली. पानं वाळून पापडासारखी झाली होती. त्या तारखेला पहिली ओळ होती: 'सहा. भोंगा. दिवा. माळ.' आणि खाली, दुसऱ्या दिवशी उजाडताना गच्चीवर बसून लिहिलेलं: 'खाली सगळं पाणी. मावशी दिसत नाहीत. भावजींचा पत्ता नाही. काल माळ दोनदा अडकली, मन ठिकाणावर नव्हतं. देवा, क्षमा कर.'

दोनदा. मी ती ओळ किती वेळा वाचली कोण जाणे. पाण्यानं वेढलेल्या गच्चीवर मला माळ अडकल्याची आठवण झाली आणि मी तिच्याबद्दल क्षमा मागितली. ह्यांना दाखवली. ह्यांनी वाचून वही मिटली.

"दाखवणार आहेस?"

"तुम्ही सांगा."

"मी काय सांगू. त्याचं भलं आहे यात. तुझं आहे का, ते बघ."

ते बरोबर बोलले. ते दोन अडथळे म्हणजे उरलेले दोन भोंगे असतील, तर भावजींनी तिन्ही वाजवले. आणि मग मी ते ऐकले, त्यांना जपातलं विघ्न समजले आणि माळ पुढे ओढत राहिले. खाली मावशी माझ्या हाताची वाट बघत असताना.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पहिली ओळ पाहिली आणि म्हणाले, "इथे भोंग्याची नोंद आहे. किती वाजता लिहिलीत?"

"दुपारी. चहाचं आधण ठेवल्यावर."

"सहाच्या भोंग्याची नोंद दुपारी?"

"संध्याकाळी गडबड असते. रोज तेच असायचं, म्हणून आधीच लिहून ठेवायची."

टंकलेखन करणारी बाई थांबली. "हेसुद्धा घेऊ का?" तिनं विचारलं.

"घ्या," साहेब म्हणाले. "मग तुमची ही वही पुरावा म्हणून कशी धरायची, बाई?"

"ती ओळ धरू नका. खालची वाचा."

त्यांनी वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. "माळ दोनदा अडकली म्हणजे?"

"मोठा आवाज झाला की बोट मण्यावर थांबतं. मग मी तोच मणी परत घेते."

"आणि तो आवाज भोंग्याचा होता?"

इथं 'हो' म्हटलं असतं तर सगळं संपलं असतं. समोर बाकावर भावजी बसले होते, कुबडी गुडघ्यांवर आडवी धरून. पण मी देवाची माळ मध्ये आणली होती. तिच्यावर हात ठेवून नसलेली खात्री कुठून आणू?

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "भोंगा आहे हे कळलं असतं तर मी उठलेच असते. पहिला झाला की आमच्या गल्लीतल्या सगळ्यांचे कान बंद व्हायचे. माझेही."

"दुसरं काय असू शकेल?"

हा प्रश्न मी रात्रंदिवस स्वतःला विचारला होता. "शिवणवाल्या मावशींनी दोनदा हाक मारली असेल. एक अभ्रा राहिला होता."

परत येताना भावजी कुबडी टेकत माझ्या बाजूनं चालत होते. कोपऱ्यावर ते म्हणाले, "दोनदा नक्की?"

"लिहिलंय खरं."

"पहिला धरून तीन होतात."

"होतात. पण ते मला सांगता येत नाही, भावजी."

"नका सांगू," ते म्हणाले. "गाडीला उशीर झाला होता की तारेनं थांबली, त्यातलंच हे." त्या संध्याकाळी त्यांनी ताट पुसून खाल्लं. मी मात्र दोन घास गिळून उठले.

अहवाल आला त्यात एक वाक्य होतं: तीन वेळा भोंगा झाल्याची शक्यता नाकारता येत नाही. भावजींवर ठपका आला नाही. त्यांना कचेरीत टेबलावर बसवलं. गल्लीत मात्र माझ्याशी बोलणं कमी झालं. वाण्याची बायको एकदा सरळच म्हणाली, "दिराला सोडवलंस, छान केलंस. पण तुझ्या वहीनं आम्हा सगळ्यांना बहिरं ठरवलं." मी स्वतःलाही त्यातच धरत होते. तीन झाले असावेत असं सकाळी वाटतं. दुपारी मावशींचा शिवलेला अभ्रा उशीला घालताना वाटतं, त्या हाकाच होत्या. देवाला विचारलं तर तो गप्प आहे, आणि त्याला आता जोर करून विचारायचं मला धैर्य होत नाही.

नव्या चौकीवर नवा भोंगा बसवला. रोजची चाचणी बंद केली, म्हणजे वाजला की खराच समजायचा. त्यामुळे सहा कधी वाजतात ते कळत नाही. पहिले काही दिवस मी दिव्याशी वात हातात घेऊन नुसती उभी राहायची.

एका संध्याकाळी बाहेरच्या खोलीतून भावजींनी साद घातली, "वहिनी, सहा वाजले."

मी दिवा लावला आणि बसले. ते कुबडी वाजवत दारापर्यंत आले.

"ऐकलं का?"

"दिवा लावला की."

"तसं नाही. तोंडानं सांगा."

"ऐकलं," मी म्हणाले. मगच ते गेले.

तेव्हापासून रोज असं चालतं. ते एकदा सांगतात आणि उत्तर येईपर्यंत दारातून हलत नाहीत. मी डोळे उघडे ठेवून, जिन्याकडे तोंड करून माळ ओढते. मध्ये काही आवाज झाला तर मणी सोडून उठते, बघून येते, बहुतेक वेळा काही नसतं, आणि पहिल्यापासून सुरू करते. कधी कधी माळ पुरीच होत नाही. वहीतली ओळ आता मी नंतर लिहिते.