शेनाच्या टेकाडावर बसलेला मामा

आमच्या गावाभाईर राखेचं एक मोठं टेकाड हाय. निजामाच्या राज्यात, मी हुमनाबादला शाळंत हुतो तवा, गाव त्याची गोष्ट सांगायचं. राक्षस गुरं खायचा, पाटलाच्या मूळपुरुषानं त्याला जाळला, ही त्याची राख. आन त्या राक्षसाचं खानदान कोन? आमी, धनगरं! मनून दर जत्रंला आमच्यातल्या एकानं टेकाडाच्या पायथ्याला उतानं पडायचं, आन समद्या गावानं त्याच्यावर थुकायचं.

तो मान माझ्या मामाचा. पैली थुकी पाटलाची. त्यासाठी पाटील सकाळपासनं तोंडात पान-तंबाखूचा रस साठवून बसायचा. एक थेंबबी दुसरीकडं सांडला की साल वाईट जातंय मनं. ती लाल, कोमट, बुळबुळीत पिंक मामाच्या नाकाडोळ्यात जायची. मामी शिकेकाईनं घासायची तरी मिशीचा वास जायचा न्हाई. पान खानाऱ्याशेजारी मला आजबी घास गिळत न्हाई.

एकदा जत्रंच्या आदी हैदराबादेहून एक साहेब आला, टेकाड खनून बगायला. मला उर्दू येतंय मनून मला संगं घेतलं. खनायला रोजानं मामा. साहेब नाकात बोलायचा, "अजी मियाँ, आहिस्ता, आहिस्ता!" मी लगेच तसंच मनायचो आन मामा कुदळ टाकून हसायचा.

राखेच्या थरावर थर निगाले. मदी अर्धवट जळलेलं शेन, आन खाली टनक मातीत गुरांच्या खुरांचे ठसे. साहेबानं ढेकूळ चुरून वास घेतला. "हड्डी-वड्डी कुछ नहीं. गोबर है. पुराने लोग यहाँ जानवर बाँधते थे, गोबर जलाते थे."

"काय मनला रं?" मामा.

"शेन हाय मनला. राक्षस न्हाईच, मामा."

मामा खड्ड्यातच बसला. "मग औंदा मला पडाया लागत न्हाई न्हवं?"

मी चावडीवर जाऊन साहेबाच्या आवाजात समदं सांगितलं. लोकं पोट धरून हसले. पन बायका घाबरल्या. "अगं बया, गाईचं शेन! आन आपन तिथं थुकायलाव!" दुसऱ्या दिवशी टेकाडावर हळद-कुंकू, झेंडूचे हार. म्हाताऱ्या शेनापुढं नाक घासून माफी मागायल्या. मामाकडं कुनी ढुंकून बगितलं न्हाई.

पाटील मनला, "टेकाडावर शिंतोडा उडता कामा नये. औंदा ह्याला तिकडं रस्त्यावर पाडा."

"राक्षसच न्हाई तर थुकायचं कामून, पाटील?" मी इचारलं.

"राक्षस नसंना का. रीत हाय की!"



जत्रंला हलगी वाजायली. पाटलाचे गाल फुगून टम्म. मामा आला. रस्त्यावरची ती झाडून ठेवलेली जागा बगितली, आन तसाच पुढं जाऊन टेकाडावर चढला. वर हारांच्या मदी मांडी घालून बसला.

"या," मनला. "थुका की आता."

हलगी थांबली. थुकावं तर शेनावर पडतंय. वर चढून त्याला वढावं तर शेनावर पाय पडतोय. भुईवर टाकावं तर साल बुडतंय. पाटील खाली उतर मनून हात हालवून "ऊं! ऊं!" करायला लागला. मीबी गाल फुगवून "ऊं! ऊं!" केलं, तसं पोरं खिदळायली. मामानं निवांत चिलीम पेटवली.

ऊन चढलं. पाटलाच्या हनुवटीवरनं लाल वघळ आला, त्यो त्यानं जिभंनं परत आत घेतला. डोळे भाईर आले. आन शेवटी गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. गटक.

"शीऽऽ!" समदं गाव एका तोंडानं मनलं.

पुढच्या जत्रंपासनं मामाला कुनी बोलवलं न्हाई. ती रीतच मोडली. पन ती 'शी' माझ्या कानातनं जात न्हाई. इतकी वर्सं तीच पिंक मामाच्या तोंडावर पडायची, तवा एकानंबी मनलं नव्हतं.