दहावी पास चालेल

आई गेली तेव्हा थोरली दहावीत होती. परीक्षेला ती बसलीच नाही. आईची इस्त्री उचलली आणि दुकान चालू ठेवलं. बाप होता, पण नावापुरता. धाकटी जेमतेम अक्षरं गिरवत होती. एकीने तरी शिकायचं, हे थोरलीने ठरवून टाकलं. धाकटीला कुणी विचारलं नाही.

पुढे स्थळं आली, ती थोरलीने परतवली. गिऱ्हाईक कपडे टाकताना म्हणायचं, "काय म्हणतात आमच्या कॉलेजकन्या?" की थोरलीच्या कपाळावरच्या आठ्या आपोआप सरळ व्हायच्या. धाकटी रसायनशास्त्रात पदवीधर झाली, त्या दिवशी थोरलीने दुकान दुपारीच बंद केलं. एरवी अंगात ताप असला तरी ते उघडं असायचं.

मग मुलाखती सुरू झाल्या. कुठे अनुभव मागायचे, कुठे आणखी वरची पदवी. धाकटी कडक इस्त्रीच्या कपड्यांत जायची आणि चुरगळून परत यायची. "होईल गं," थोरली म्हणायची. दोन वर्षं म्हणत राहिली.

एका सकाळी धाकटी दुकानात आली आणि एका शर्टावर पाणी शिंपडू लागली.

"ठेव ते," थोरली म्हणाली.

"घरी बसून काय करू?"

"काहीही कर. इथे उभी राहू नकोस, लोक बघतात."

"लोकांना तू काय सांगत आलीस ते माहीत आहे मला, ताई. त्याचंच ओझं झालंय."

थोरलीचा हात इस्त्रीवर तसाच राहिला. वास आला तेव्हा इस्त्रीखालच्या शर्टाच्या पाठीवर तपकिरी डाग उमटला होता. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. गिऱ्हाईक भला माणूस, म्हणाला, असू द्या. त्याने तिला जास्तच लागलं.

नंतर धाकटीला औषधांच्या गोदामात काम लागलं. लेबलं तपासायची, खोकी भरायची.

"बघ, शिक्षण वाया जात नाही," थोरली हरखून म्हणाली.

"तिथे दहावी पास चालतं, ताई. माझ्या शेजारी बसते ती तेवढीच शिकली आहे."

थोरली ताटं वाढत होती. तिची तर एकच परीक्षा राहिली होती. हा विचार तिला करायचा नव्हता, पण तो येऊन बसला. रागही आला, काढायचा कुणावर? समोरच्या पोरीने काही मागितलंच कुठे होतं?

जेवणं झाल्यावर तिने विचारलं, "कॉलेजात कसं होतं गं? मी कधी विचारलंच नाही."

धाकटी बोटांवरचा वाळलेला डिंक खरवडत राहिली. "छान होतं. तेच तर तुला सांगायची लाज वाटायची. प्रयोगशाळेत एका थेंबाने सगळं पाणी गुलाबी व्हायचं. तेव्हा दुकान, तू, काही आठवायचं नाही मला."

थोरलीला बरं वाटलं आणि हेवाही वाटला.

"अजून सांग," ती म्हणाली.