माझे ‘समाधान’ विधानसभेत कसे पोहोचले?

मित्रहो, आज दुपारी आमदारांच्या कार्यालयातून नागपूर अधिवेशनातील एका तारांकित प्रश्नोत्तराची प्रत मिळाली. ‘आरोग्य उपकेंद्रात सहा महिन्यांपासून परिचारिका नाही, हे खरे आहे काय?’ हा आमच्या गावाविषयीचा प्रश्न माझ्याच तक्रारीवरून विचारला गेला होता.

मंत्रिमहोदयांचे छापील उत्तर : ‘हे खरे नाही. तक्रारदाराचे समाधान झाले असून त्यांनी तसे लेखी दिले आहे.’

मग आठवले. मागच्या आठवड्यात आरोग्य खात्याचे एक अधिकारी या तक्रारीच्या चौकशीला घरी आले होते. चहा झाल्यावर म्हणाले, “भाऊजी, आम्ही येऊन गेलो, एवढीच सही द्या.” कागद कोरा होता. वाचल्याशिवाय कधीही सही न करणारा मी, त्यावर सही करून बसलो.

शेजारच्या सुनेला नववा महिना लागला आहे. तिच्या सासूला मी उत्तर वाचून दाखवले.

“तुमचं समाधान झालं म्हणते सरकार,” ती म्हणाली. “मंग कुलूप काऊन आहे जी तिथं? पोरीले रातच्याले दुखलं तं कुठं नेऊ?”

त्या सहीचा खुलासा आज आमदारांना लिहून पाठवला आहे. परंतु सभागृहाच्या पटलावर गेलेली सही परत कशी घ्यावी, हे कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे.