पोवळ्यांचा पडदा

कोल्हापुरात पैलवान पुष्कळ झाले, गवई झाले, चपला शिवणारे तर गल्लोगल्ली आहेत. पण समुद्राचा तळ रंगवून ज्यानं संसार केला असा माणूस या गावानं एकच पाहिला, आणि तो आमच्या आत्याचा नवरा. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मामा सिनेमाच्या स्टुडिओत पडदे रंगवायचे. पौराणिक चित्रपटातली नागकन्या पाताळात निघाली की तिच्यामागचं पाताळ मामांचं. त्यात मासे, शंख आणि मधोमध पोवळ्यांचं रान. हे रान लालभडक असे, कारण पोवळं म्हणजे गुजरीत सराफाकडे मिळतं ते, आत्याच्या अंगठीत आहे ते, अशी त्यांची पक्की समजूत. चित्रपट काळापांढरा, तेव्हा लाल रंगासाठी हा माणूस एवढा जीव का काढतो हे कुणालाच कळत नसे. मामा म्हणत, "लोकांस्नी दिसत न्हाय, पर नागकन्येला दिसतंय की."

मामांनी समुद्र पाहिलेला नव्हता, ही गोष्ट त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. आंघोळीला बसले की आधी बादलीत डोकं घालून, डोळे उघडे ठेवून, पाण्याखाली उजेड कसा पडतो ते बघायचे. बाहेर आत्या पाणी निवलं म्हणून ओरडत राही. पुढं स्टुडिओ बंद पडला, तेव्हा कुठल्याशा राजकन्येची हंसाच्या तोंडाची नाव त्यांनी मागून घेतली आणि रंकाळ्यात सोडली. दर रविवारी सगळ्या नातेवाइकांना जलविहाराचं आमंत्रण असे. नाव गळकी होती, म्हणून पाहुण्याच्या हातात आधी पाणी उपसायचा डबा यायचा आणि मग शेंगदाणे. आजूबाजूला म्हशी डुंबत असत आणि मामा हंसाच्या मानेला टेकून देवमाशाच्या सवयी सांगत. मला हा माणूस फार आवडायचा, उपसून उपसून हात भरून आले तरी.

घोटाळा माझ्या लग्नानं केला. माझी बायको मालवणची. मामांकडे पहिल्यांदा जेवायला गेलो, तर माजघरात स्टुडिओतून आणलेला पोवळ्यांचा पडदा टांगलेला. तिनं कौतुकानं पाहिला आणि सरळ मनानं म्हणाली, "आमच्या किल्ल्यामागे असता ह्यां. पण तांबडां नसता." ओहोटीला होडीतून तिनं ते लहानपणी पाहिलं होतं; पिवळं, जांभळं, थोडं हिरव्यावर गेलेलं. मामांचा हातातला घास ताटात परत गेला. त्या दिवसापासून रविवार बंद, शेंगदाणे बंद. स्टुडिओ गेला तेव्हा न खचलेला माणूस भिंतीकडे तोंड करून बसू लागला. आत्याला माणसाची नस कळायची. असंच बसून राहिले तर हे आपल्या हातचे जातील, या भीतीनं तिनं एक दिवस माळ्यावरून माहेरचा तांब्याचा हंडा उतरवला आणि त्यांच्यापुढं ठेवला. "जावा आणि बघून या. ह्याचं काय करायचं ते करा."

कुठल्याशा मासिकात पाठीवर हवेची नळकांडी बांधून पोवळ्यांत हिंडणाऱ्या एका गोऱ्या माणसाचा फोटो आला होता. मामांनी त्याची कोल्हापुरी आवृत्ती काढली. तांबटाकडून हंड्याचं तोंड डोकं मावेल एवढं रुंद केलं, पोटाला काच बसवली, कडेनं शिसं लावलं, आणि सायकलच्या ट्यूबा जोडून वरून मोटारीच्या पंपानं हवा मारायची. पंप मारायला मी. रंकाळ्यात चाचणी झाली, तेव्हा मामांना फक्त चिखल दिसला. पण ते जिवंत वर आले, एवढ्यावर आत्यानं समाधान मानलं.

थंडीत आम्ही मालवणला निघालो. नाव स्वतःचीच पाहिजे, हा मामांचा हट्ट. गुळाच्या ट्रकवर ती चढवली आणि घाटात वडाच्या फांदीला अडकून हंसाची मान गेली. ते मुंडकं नसलेलं पाखरू पाहून मालवणचे कोळी पोट धरून हसले, पण आपल्या होडीमागं बांधून किल्ल्यापल्याड घेऊन गेले. मामांना बोट लागली. तशा अवस्थेत त्यांनी हंडा डोक्यावर चढवला आणि दोर आत्याच्या हातात देऊन उतरले. मी पंप मारत होतो आणि आत्या दोराकडं बघत होती.

मामा वर आले ते हसत. मिशांतून पाणी गळत होतं. "सगळं चुकलंय," ते म्हणाले. "जल्मभर चुकीचं काढलं मी." एवढ्या आनंदानं आपली चूक सांगणारा माणूस मी त्यानंतर पाहिला नाही.

कोळ्यांनी सांगितलं, भरती लागलीय, पाणी गढूळ व्हायच्या आत आणखी एकदाच उतरता येईल. ही दुसरी बुडी मामांनी रंग नीट ध्यानात ठेवायला राखून ठेवली होती. त्यांनी हंडा उचलला आणि आत्याच्या डोक्यावर ठेवला. म्हणाले, मी एकट्यानं बघून काय उपयोग, घरी बोलायचं कुणाशी? आत्यानं कासोटा आवळला आणि देवाचं नाव घेऊन उतरली. वर आल्यावर तिनं डोक्यावरचा हंडा उतरवला. मग म्हणाली, "जांभळा तुम्ही ध्यानात ठेवा. हिरवा मी ठेवते."

घरी येऊन मामांनी नवा पडदा ताणला. रोज सकाळी हिरवा कालवायचा आणि आत्याला हाक मारायची. ती पिठाच्या हातानं यायची, मान तिरकी करून बघायची आणि म्हणायची, "अजून न्हाय." की मामा पुन्हा कालवायला बसत. पुढची सगळी वर्षं हेच चाललं, आणि इतके खुशीत मामा मी स्टुडिओच्या दिवसांतही पाहिले नव्हते. रविवारही परत सुरू झाले, बिनमानेच्या नावेतून.

मामा गेले. दिवस झाल्यावर मी आणि आत्या त्या पडद्यापुढं बसलो होतो. मी सहज विचारलं, शेवटपर्यंत तो हिरवा जमला का गं?

"पयल्याच आठवड्यात जमलता," आत्या म्हणाली. "पर मी व्हय म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी उठून काय केलं असतं त्यांनी?"