तोरिनोच्या शाळेचे फोटो

शुभाचा फोटो आला की जागृती तो लगेच उघडत नसे. आधी भांडी डिशवॉशरमध्ये लावायची, प्रितमचा डबा धुवायची, ओटा पुसायची. मग सोफ्यावर बसून, दोन बोटांनी मोठा करून, तो फोटो कोपऱ्याकोपऱ्यातून बघायची. वर्गाच्या खिडक्या केवढ्या उंच आहेत. मुलांच्या निळ्या एप्रनवर नावं कशी धाग्याने भरलेली आहेत. मागे बर्फाचे डोंगर दिसतात की तो भिंतीवरचा कागद आहे? डोंगरच निघायचे. मग ती खाली लिहायची, "वा! मस्तच गं!" आणि फोन पालथा ठेवायची.

त्या दोघींची ओळख नोव्हायमधली. मिशिगनच्या या गावात गाड्यांच्या कंपन्यांतले इंजिनियर भरपूर, आणि त्यातले आपले लोकही भरपूर. जागृतीचा नवरा अतुल ब्रेकच्या डिझाइनमध्ये होता, शुभाचा केदार इंजिनच्या टेस्टिंगमध्ये. एकाच कॉम्प्लेक्समध्ये, समोरासमोरच्या बिल्डिंगमध्ये दोघींची घरं. जागृतीचा प्रितम आणि शुभाची शिवांगी एकाच झोपाळ्यासाठी भांडत, आणि त्या भांडणातूनच आयांची मैत्री झाली. शुभा पुण्याची, इंग्लिश मीडियमची. घरांच्या सजावटीचं शिकलेली. जागृती नागपूरच्या इंदोऱ्याची, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेली, बी.एड. झालेली. लग्नाआधी ती तिकडे चौथीच्या वर्गावर शिकवायची. इथे आल्यावर नवऱ्याच्या व्हिसावर काही वर्षं नुसती घरात बसली. वर्क परमिट आलं तेव्हा गावातल्या सरकारी शाळेत पॅराप्रो म्हणून लागली. पॅराप्रो म्हणजे वर्गातली मदतनीस. बालवर्गातल्या मुलांच्या जॅकेटच्या चेन लावायच्या, बूट चढवायचे, स्नॅकची पाकिटं फोडून द्यायची, आणि जपानहून, हैदराबादहून नवीन आलेल्या, इंग्लिश न येणाऱ्या मुलांशेजारी बसायचं. वर्ग दुसऱ्या बाईंचा, मदत हिची. नागपूरची डिग्री इथे चालवायची तर पुन्हा शिकावं लागणार होतं, आणि ते दरवर्षी पुढच्या वर्षावर जात होतं.

झोपाळ्याशेजारच्या बाकावर बसून जागृती शुभाला एकच विषय ऐकवायची. दोन भाषांची शाळा. अर्धा दिवस एका भाषेत, अर्धा दिवस दुसरीत. "कोणतंच मूल मुकं बसायला नको बघ. आणि आठवड्यातून एक तास असा ठेवायचा की ज्याची जी घरची भाषा असेल ती त्याने वर्गाला शिकवायची. शब्द, गाणी, काहीही. ज्याला कोणी विचारत नाही तो त्या तासाला मास्तर होतो."

"यार, तू शाळाच काढ ना," असं म्हणत शुभा शिवांगीला हाका मारायला उठायची. ऐकत असेल असं कधी वाटायचं नाही.

मग केदारची बदली इटलीत झाली. तिथलं तुरिन हेही गाड्यांचंच गाव. जाताना शुभा रडली, जागृतीही रडली, आणि तेव्हाचं ते रडणं अगदी खरं होतं.

शिवांगी तिथल्या एका इंटरनॅशनल शाळेत जाऊ लागली. सकाळी इटालियन, दुपारी इंग्लिश, दोन भाषांच्या दोन बाई. शुभा आधी मुलीला सोडायला जायची, मग शाळेच्या लायब्ररीत मदतीला जाऊ लागली. इंग्लिश चांगलं म्हणून तिला इंग्लिशच्या तासाला सहशिक्षिका म्हणून घेतलं. पहिल्या महिन्यात ती गावाला तुरिन म्हणायची, पुढे तिथल्या लोकांसारखं तोरिनो म्हणू लागली. तो शेवटचा 'नो' जागृतीला दाताखाली आलेल्या खड्यासारखा लागायचा.

"तोरिनोत ना, मुलांना जेवायला काचेच्या प्लेट देतात, आणि शिक्षिका मुलांसोबतच जेवतात," शुभा सांगायची. जागृती "हो का?" म्हणायची आणि तिला आपला शाळेतला कोपरा आठवायचा. तिथे उभ्या उभ्या ती घरून नेलेली पोळीभाजी संपवायची.

तिचं तिलाच कळत होतं की हे बरं नव्हे. पण हेवा काही विचारून येत नाही. तुरिनला पावसाने पाणी साचल्याची बातमी आली तेव्हा तिने ती दोनदा वाचली. मग शुभाचा मेसेज आला की शाळेला सुट्टी मिळाली, शिवांगीने घरी पिझ्झा केला. जागृतीने ती बातमी बंद केली.

नागपूरहून तिची आई, रत्नाबाई, फोन करायची, तर तिलाही शुभाचंच कौतुक. "शुभानं मला फोटो धाडले वं. केवढी मोठी शाळा आहे बाप्पा! तिथं मास्तरीण झाली ती! काऊन, तुझा आवाज असा काऊन येऊन राहिला?"

"सर्दी झाली आहे," जागृतीने सांगितलं.

आणि मग तो फोटो आला. शिवांगीच्या शाळेच्या फेसबुक पानावर शुभा वर्गासमोर उभी, हातात मराठी अक्षरांची रंगीत कार्डं. भोवती बसलेली मुलं अरबी, रोमानियन, चिनी अक्षरं धरून. खाली लिहिलं होतं की आमच्या सहशिक्षिकेने 'घरच्या भाषेचा तास' ही सुंदर कल्पना मांडली आणि ती आता सगळ्या वर्गांत सुरू होत आहे.

जागृतीने या वेळी भांडी लावली नाहीत. अतुल आला तेव्हा ती तशीच बसलेली होती.

"ही माझी कल्पना आहे," ती म्हणाली. "अक्षर न् अक्षर माझं आहे."

अतुलने फोटो पाहिला. "मग सांग तिला."

"काय सांगू? बाकावर बसून बडबडले होते, असं सांगू? तिने केलं. मी अजून चेनच लावते आहे." आणि ती उठून कपड्यांच्या घड्या घालायला गेली. अतुल मागोमाग गेला, पण तिने त्याला घड्यांना हात लावू दिला नाही.

थंडीत एका शनिवारी सकाळी शुभाचा फोन आला. तिकडे दुपार होती. या वेळी तोरिनो नाही, प्लेट नाहीत, शुभाचा आवाज पार बसलेला.

"जागृती, शिवांगी बोलत नाहीये. इटालियनच्या बाईंसमोर एक शब्द नाही. शाळा सुरू झाल्यापासून. आम्हाला वाटलं, येईल हळूहळू. आता बाई म्हणतात, तपासून घ्या. तू अशा मुलांशेजारी रोज बसतेस ना? काय करू मी?"

जागृतीच्या आत काहीतरी हललं, आणि ते वाईट वाटणं नव्हतं. एवढ्या उंच खिडक्या, एवढे डोंगर, आणि मुलगी गप्प! तिला बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर गरम चहा पोटात उतरावा तसं बरं वाटलं.

या प्रश्नाचं उत्तर तिला माहीत होतं. अशी मुलं तिच्या वर्गात दरवर्षी यायची, महिनोन्महिने गप्प राहायची आणि मग एक दिवस बोलू लागायची. ती स्वतः अकरावीला सायन्सला गेली तेव्हा सगळं इंग्लिशमधून. जवळपास वर्षभर ती वर्गात तोंड उघडू शकली नव्हती. हजेरीला नुसता हात वर करायची. हे सगळं तिच्या ओठांशी आलं होतं.

"डॉक्टरांना दाखव," ती म्हणाली. "उशीर नको करूस. अशा मुलांचं पुढे अवघड होतं. इथे तर वेगळ्या वर्गात बसवतात."

"थँक्स यार" म्हणून शुभाने फोन ठेवला.

त्या दिवशी जागृतीने पुरणपोळ्या केल्या. अतुलने विचारलं, आज काय विशेष? ती म्हणाली, सहज.

पुढचे काही आठवडे शुभाकडून फोटो आले नाहीत. केदारने अतुलला सांगितलं ते कानावर आलं, की घरात रोज वाद चालू आहेत. शुभाला पोरीला त्या शाळेतून काढून नुसत्या इंग्लिश शाळेत घालायचं आहे, केदार नाही म्हणतो. जागृतीने ते ऐकलं आणि दुसरं काहीतरी काम काढलं.

प्रितमच्या वाढदिवसाला शिवांगीचा व्हिडिओ कॉल आला. मुलांचं आपसात बोलणं झालं. प्रितम केक कापायला पळाला आणि फोन जागृतीच्या हातात राहिला. शिवांगीचे समोरचे दात पडले होते. ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "मावशी, I have to go to a doctor. For my mouth. Aai says it's not broken, but मग ती का रडते?"

जागृतीने फोन जवळ धरला. पोरगी तिच्याकडे बघत होती, उत्तराची वाट बघत.

"नाही गं सोन्या," ती शेवटी म्हणाली. "तुझं तोंड एकदम छान आहे. मला सांग, तू खेळताना तुझ्या अस्वलाशी कशात बोलतेस?"

शिवांगी लाजली. "He only knows Italian. तो खूप मस्ती करतो, so I have to shout."

"आईला दे फोन."

शुभा आली. जागृतीने तिला शिवांगीपासून दूर, दुसऱ्या खोलीत जायला सांगितलं. मग एका दमात बोलून टाकलं. "तिला काही झालेलं नाही. खेळण्यांशी इटालियन बोलते म्हणजे आत सगळं साठतं आहे. माझ्या वर्गात अशी मुलं दरवर्षी असतात. मी स्वतः अशी होते. कोणी मागे लागू नका. बाईंना सांग, तिला प्रश्न विचारू नका, नुसतं शेजारी बसवा, कामाला लावा. आणि तिला शाळेतून काढू नकोस."

"मग तू त्या दिवशी..."

"त्या दिवशीही मला हे माहीत होतं."

"माहीत होतं?"

"हो. मला तुझा हेवा वाटतो, शुभा. तू गेलीस तेव्हापासून. आणि तो तास माझा होता."

शुभाने फोन कट केला. बाहेर प्रितमचे मित्र टाळ्या वाजवत होते. जागृती बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आली आणि सगळ्यांना केक वाढला.

नंतर बरेच दिवस दोघींचं बोलणं नव्हतं. बर्फ वितळलं, कॉम्प्लेक्समधले झोपाळे पुन्हा वाजू लागले, आणि एका शनिवारी शुभाचा फोन आला. ती हसत होती.

"बोलली! काय बोलली असेल? एका पोराने तिची रांगेतली जागा घेतली, तर त्याला सरळ म्हणाली, बाजूला हो, ही माझी जागा आहे. एकदम करेक्ट इटालियन! तिच्या मायेस्त्रा, म्हणजे बाई गं, सगळ्या शाळेला सांगत सुटल्यात. म्हणतात, आमच्या पद्धतीचा हा विजय."

"तुमच्या पद्धतीचा," जागृती म्हणाली. छातीत पुन्हा तीच ओळखीची कळ.

शुभा हसायची थांबली. "जागृती, त्या दिवशीबद्दल मला तुझा भयंकर राग आहे. अजून आहे. आम्ही त्या पोरीला किती छळलं असेल, विचार कर." मग म्हणाली, "पण एक सांगू? तू जळतेस हे मला माहीत होतं. 'मस्तच गं' लिहायला तुला दोन-दोन तास लागायचे. म्हणूनच मी फोटो पाठवायचे."

"म्हणजे?"

"इथे मला कुत्रं विचारत नव्हतं यार. दुकानात पाव मागता येत नव्हता. केदार दिवसभर बाहेर. मग वाटायचं, निदान जागृतीला तरी वाटू दे की मी मजेत आहे. आणि तो तासही तुझाच, माहीत आहे मला. मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते, मला बोलायला दुसरं काहीच नव्हतं. तुझं नाव घ्यायला हवं होतं. नाही घेतलं."

मग जागृतीला हसू फुटलं, आणि ते पुरतं गोड नव्हतं. "चोरटी," ती म्हणाली.

"आणि तू जळकी."

शुभाने पुढच्याच आठवड्यात मुख्याध्यापिकेला खरं सांगितलं. शाळेच्या पानावर जागृतीचा उल्लेख आला, पण 'एका अमेरिकन मैत्रिणीची कल्पना' असं. रत्नाबाईंना ते वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "अमेरिकन काऊन? इंदोऱ्याची लिही म्हणा तिला!"

जागृतीने यंदा शिक्षिकेच्या सर्टिफिकेटसाठी संध्याकाळचे क्लास सुरू केले आहेत. पुढच्या वर्षावर ढकलायचं नाही असं तिने ठरवलं, ते कशामुळे हे तिने अतुललाही सांगितलं नाही. घरच्या भाषेच्या तासाबद्दल ती तिच्या शाळेच्या प्रिन्सिपलशी बोलली. बघू, असं उत्तर आलं. एका जपानी मुलीने मात्र जेवणाच्या सुट्टीत तिला मांजराला जपानीत काय म्हणतात ते शिकवलं.

फोटो येतातच. परवा शुभाने शाळेच्या सहलीचा पाठवला. निळंशार तळं, काठावर मुलं, शिवांगी मधोमध तोंड उघडून काहीतरी ओरडते आहे. जागृतीने तो तिथल्या तिथे उघडला, पाहिला, आणि लिहिलं, "आज पुन्हा जळाले गं."

शुभाचं उत्तर लगेच आलं, "छान. तळ्याचे अजून चार आहेत, पाठवते."