परशाचा एक घोट

परशराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या येळ्ळूरच्या डेअरीत दूध मोजत होतो. माप खाली ठेवलं… आणि स्वतःलाच एक शिवी हासडली. महिना झाला, रोज हासडतोय.

कारण ती बाटली मी भरली होती. कॅन धुवायचं कॉस्टिक सोड्याचं जळजळीत पाणी पिण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून मी टेबलावर ठेवलं. ना चिठ्ठी, ना खूण. परशा माझ्याबरोबर डेअरीतच कामाला. उन्हातनं आला, बाटली उचलली. दुसऱ्याची बाटली उष्टी करू नये म्हणून तो मान मागं टाकून वरनं धार सोडायचा. तोंड लावून प्यायला असता तर थुंकला तरी असता. धार थेट घशात गेली. आणि गावाला काय सांगितलं त्यानं? "मीच भरून ठेवलतो, इसरलो." मी गप्प राहिलो.

बेळगावच्या दवाखान्यातनं पंधरा दिवसांनी घरी आला. सगळे म्हणाले, सुटला बाबा! महिन्याभरात भाकरी अडकायला लागली. जखम भरताना अन्ननलिका आवळत जाते म्हणे. नळी घालून ती रुंद करायला येत राहा, असं डॉक्टरांनी बजावलं. चार खेपा झाल्या. पाचव्या वेळी मीच म्हणालो, "आता बरा हाईस की रं! सकाळचं दूध कोण बघणार?"

"व्हय, तेबी खरंच," म्हणाला आणि राहिला.

पुढं दोन वर्षं तो पंगतीतनं हळूच उठायचा. लई भाव खातोस म्हणून मी चिडवायचो. लाज वाटते आता. शेवटी पाणीही उतरेना, अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया झाला. "इतके दिवस का थांबलात?" डॉक्टरांनी विचारलं.

परवा परशाच्या घरी, त्याच्या बायकोकडं, वैनींकडं गेलो. त्याचं जेवण बारीक करायचा मिक्सर त्या अजून रोज सकाळी धुऊन ठेवतात. चहा ठेवत होत्या. बाटलीचं सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक हाय भावजी. पयल्याच दिवशी सांगितलंतं त्यांनी. तुमास्नी बोलायचं न्हाय म्हणून शपथ घातलीती…" चहात साखर टाकत म्हणाल्या, "येवढंच सांगा, पाचव्या खेपंला का गेलं न्हाईत ते? कितींदा इचारलं, सांगितलंच न्हाय."

मी सांगितलं.

वैनींनी उकळत आलेल्या चहाखालचा गॅस बंद केला.